देणगी कुणाची आणि ठरवणार कोण?

१६१५ साली ॲमस्टरडॅममधल्या पोर्तुगीज ज्यू कुटुंबांनी एक मंडळ काढलं. स्पेन-पोर्तुगालमधल्या धार्मिक छळातून निसटून ही माणसं उत्तरेकडे आली होती. काहींनी व्यापारात जम बसवला होता आणि आपल्यातल्या गरीब, पोरक्या मुलींचं काय होणार ही चिंता त्यांना लागली होती. म्हणून मंडळाचं काम एकच ठरलं, अशा मुलींच्या हुंड्याची सोय करायची. सभासद वर्गणी भरत, मुलींचे अर्ज येत, ते तपासले जात आणि मग चिठ्ठ्या टाकून नावं काढली जात. ज्या मुलीचं नाव निघेल तिच्यासाठी रक्कम राखून ठेवली जाई. पण ती तिच्या हाती पडायची नाही. धर्माच्या चौकटीत बसणाऱ्या ज्यू मुलाशी लग्न लागलं, की मग पैसे मिळायचे. लोक या मंडळाला 'दोतार' म्हणत. दोनच वर्षं आधी व्हेनिसमध्ये असंच एक मंडळ निघालं होतं, त्याच्याच धर्तीवर हे काढलेलं.

मी या चिठ्ठ्यांचा बराच विचार करते. अर्ज करून वर्षभर वाट पाहणारी, आपलं नाव निघालं नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणारी एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर येते. तिच्यासाठी पैसे बाजूला काढणारी माणसं दुष्ट नव्हती. उलट ज्यू परंपरेत पोरक्या मुलीचं लग्न लावून देणं हे फार मोठं पुण्यकर्म. तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात, तर स्पष्ट म्हटलंय, की पोरका मुलगा आणि पोरकी मुलगी दोघं लग्नाचे असतील आणि पैसे अपुरे असतील, तर आधी मुलीचं लग्न लावा. म्हणजे मुलीला अग्रक्रम होता. फक्त तो लग्नापुरता होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. गरीब घरच्या मुलींची सामुदायिक लग्नं लावून देणारे पुढारी आणि शेठ आपल्या प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. मंडप, भांडीकुंडी, मणी-मंगळसूत्र, जेवणावळ, सगळं दिलं जातं. त्याच मुलीच्या नर्सिंगच्या कोर्सची फी भरायला मात्र त्यातलं कुणी सहज पुढे येत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. मुलींना शिक्षणासाठी मदत करणाऱ्या एका लहानशा ट्रस्टच्या निवड समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. देणगीदार म्हणतात, "लग्नाचं काही असेल तर सांगा, लगेच देतो." शिक्षणाचं म्हटलं की विचारतात, "पण ती मध्येच सोडून गेली तर?"

ज्यू समाजांतल्या मुलींसाठी, बायकांसाठी कुणी कुणी काय काय केलं हे मी वाचू लागले ते या प्रश्नामुळे. आणि त्याआधी आमच्या शेजारच्या आजींमुळे.

ठाण्यात आमच्या जुन्या चाळीत एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, कुटुंब होतं. आडनावाच्या शेवटी आपल्यासारखंच 'कर', बोलणं अस्सल कुलाब्याकडचं, माशाची आमटी नारळाच्या दुधातली. शुक्रवारी संध्याकाळी आजी काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर खोबरेल तेल घालून वात सोडायच्या. दिवा लावण्याआधी न चुकता एक नाणं जुन्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकायच्या. डब्याच्या झाकणाला सुरीने चीर पाडलेली. मी विचारलं होतं, "आजी, हे कुणाला देता?" त्या म्हणाल्या, "मंडळाला. तिथून एका मुलीच्या फीला जातात." "कुठल्या मुलीच्या?" तर म्हणाल्या, "ते मला कळायला नको. उद्या ती समोर आली तर तिने मान खाली घालायला नको."

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यांत देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, ही वरून दुसरी पायरी. आजींनी मायमोनिडीस वाचला नसणार, पण रीत त्यांच्या घरात चालत आलेली होती. त्याच आजी एकदा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, कसल्याशा बैठकीहून तणतणत आल्या होत्या तेही मला आठवतं. "पैसे जमवायचे बायकांनी, आणि वाटायचे कुणाला ते ठरवणार ट्रस्टी! आम्ही काय नुसत्या डबे फिरवायला?" तेव्हा मी लहान होते, वाद कशाचा ते कळलं नव्हतं. आज वाटतं, स्त्रियांसाठीच्या दानधर्माचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आला होता.

मायमोनिडीसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर काय आहे? माणसाला भेट द्या, कर्ज द्या, भागीदारीत घ्या किंवा काम मिळवून द्या, जेणेकरून त्याला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. यात कर्जही बसतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण मराठी मुलखातल्या एका ज्यू मुलीचं आयुष्य कर्जानेच बदललं.

जेरुशा झिराड. जन्म १८९०, शिमोग्याचा. कुटुंब बेने इस्रायल, परिस्थिती बेताची. लहानपणी बहीण खूप आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या स्त्री डॉक्टरांच्या हातून बरी झाली. तेव्हाच जेरुशाने ठरवलं, आपणही डॉक्टर व्हायचं. कामा हॉस्पिटल हीसुद्धा दानातूनच उभी राहिलेली वास्तू. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांच्या देणगीतून, बायकांनी बायकांवर उपचार करावेत म्हणून १८८६ मध्ये सुरू झालेली. शिक्षणासाठी जेरुशा पुण्याला हुजूरपागेत आली. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक या मंडळींनी १८८४ मध्ये काढलेली ही शाळा. म्हणजे बघा, एका ज्यू मुलीच्या वाटेवर आधी पारशी माणसाचा पैसा, मग पुण्यातल्या सुधारकांची शाळा.

ग्रँट मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली. पुढचं शिक्षण इंग्लंडला घ्यायचं होतं. सरकारी शिष्यवृत्ती होती, पण पुरुषांसाठी. तेव्हा तिला जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळाली. या निधीने सुरुवातीलाच एका स्त्री डॉक्टरला, फ्रेनी कामांना, परदेशी पाठवलं होतं, त्यामुळे बाई आहे म्हणून दार बंद असा प्रकार तिथे नव्हता. १९१४ मध्ये, महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, जेरुशा लंडनला गेली. तिथे गेल्यावर भारत सरकारनेही शेवटी तिला शिष्यवृत्ती दिली. ही सरकारी शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री. १९१९ मध्ये प्रसूती आणि स्त्रीरोगशास्त्रातली लंडनची एम.डी. घेऊन ती भारतात परतायला मोकळी झाली.

या क्रमाकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. आधी खाजगी निधीने धोका पत्करला, सरकार मागून आलं. निवड समितीत बसणाऱ्या कुणीही हे लक्षात ठेवावं. पहिल्या मुलीला पैसे देताना आधीचं उदाहरण नसतं. 'अशी कुणी गेली आहे का याआधी?' हा प्रश्न तिच्या बाबतीत विचारताच येत नाही, तरी आम्ही तो विचारतो.

१९२८ मध्ये डॉ. झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिल्या. बहिणीला जिथे जीवदान मिळालं, तिथेच. मुंबईत बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात याचा त्यांनी १९३७-३८ च्या सुमारास सखोल अभ्यास केला, त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भावना बाजूला ठेवून प्रत्येक मृत्यूमागचं कारण शोधायचं, हे काम किती कठीण असेल! उपचार उशिरा का मिळाले, रक्तक्षय किती होता, दाई कोण होती, घर कसं होतं. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. परदेशी जायच्या आधीच, १९१३ मध्ये, त्यांच्या पुढाकाराने मुंबईत बेने इस्रायल स्त्रियांचं मंडळ उभं राहिलं. वय तेवीस. स्वतःची पुढची फी कुठून येणार याचा पत्ता नाही, आणि ही मुलगी आपल्या समाजातल्या बायकांना एकत्र बसवून त्यांचं त्यांनी ठरवावं म्हणून धडपडते आहे. पुढे १९२५ मध्ये त्यांच्याच प्रयत्नांतून मुंबईत ज्यूंचा सुधारणावादी पंथ सुरू झाला. लंडनमधल्या सुधारणावादी ज्यू चळवळीच्या नेत्या लिली माँटेग्यू यांच्या कामाशी त्यांचा परिचय झाला होता. जुन्या सिनेगॉगमध्ये बायका वरच्या सज्जात बसतात. इथे पुरुष आणि बायका एकत्र प्रार्थनेला बसू लागले.

झिराडांच्याच वयाची आणि त्याच हुजूरपागेत शिकलेली दुसरी मुलगी म्हणजे रिबेका रूबेन. १९०५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ती मुंबई विद्यापीठात पहिली आली. त्या काळात एका मुलीने! इंग्लंडला जाऊन शिकून आली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत मुंबईच्या इस्रायली शाळेची प्रमुख होती. ही शाळा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचं अनुदान तिला मिळत असे. शाळेची जागा, इमारत, पगार यांची ओढाताण कायमची. १९३० च्या दशकात सर एली कदूरींच्या देणगीने तिला स्थैर्य आलं, आणि माझगावची ती शाळा सर एली कदूरी स्कूल झाली.

कदूरी मूळचे बगदादचे. सुरुवातीला ससूनांच्या पेढीत नोकरीला होते, मग हाँगकाँग आणि शांघायमध्ये प्रचंड पैसा मिळवला. पत्नी लॉरा १९१९ मध्ये शांघायच्या घराला लागलेल्या आगीत गेली. बगदादमधल्या ज्यू मुलींच्या शाळेला कदूरींनी तिचं नाव दिलं होतं. त्या बगदादच्या शाळांची गोष्टही सांगायला हवी. पॅरिसमध्ये १८६० मध्ये स्थापन झालेल्या 'आलियाँस' या ज्यू संस्थेने मोरोक्कोपासून इराणपर्यंत शाळांचं जाळं उभारलं. बगदादला मुलांची शाळा निघाली १८६४ मध्ये. मुलींची १८९३ मध्ये. मध्ये एकोणतीस वर्षं. एक अख्खी पिढी भावांना फ्रेंच, गणित, भूगोल शिकताना बघत मोठी झाली, तिची लग्नं झाली, तिला मुलं झाली. मुलींची शाळा काढायला आपण विरोध केला असं कुणीच म्हणणार नाही, आधी मुलांचं मार्गी लावू एवढंच म्हणाले असतील. आमच्याकडेही अर्ज घेऊन आलेल्या आया हेच सांगतात, "भावाचं होऊ दे आधी."

मोठ्या देणग्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. कदूरींचा पैसा नसता तर माझगावची शाळा टिकली असती का, सांगता येत नाही. पण त्या शाळेचा गाडा रोज ओढला तो रिबेका रूबेन यांनी, अठ्ठावीस वर्षं. पैसा आणि तो कसा वापरायचा हे कळणारी बाई, दोन्ही एका जागी आले म्हणून ते घडलं. नुसता पैसा आला असता तर एक इमारत झाली असती.

बायकांनी पैशावरचा ताबा स्वतःकडे ठेवायचा ठरवला तर काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं. हेन्रिएटा सोल्ड, जन्म १८६०, बाल्टिमोरची. बाप रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घरात आठ मुली झाल्या, मुलगा नाही. बापाने हिला मुलासारखं शिकवलं. रशियातून आलेल्या निर्वासितांसाठी तिने रात्रशाळा काढली. वीसहून अधिक वर्षं एका ज्यू प्रकाशनसंस्थेत संपादनाचं, भाषांतराचं कष्टाचं काम केलं. न्यूयॉर्कच्या ज्यू धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत तिला शिकायचं होतं. १९०३ मध्ये प्रवेश मिळाला, पण एका अटीवर, की रब्बी होण्याची पदवी मागणार नाही. तिने अट मान्य केली आणि शिकली. त्याच सेमिनरीने पहिल्या स्त्रीला रब्बी केलं ते १९८५ मध्ये.

१९०९ मध्ये आईबरोबर ती पॅलेस्टाइनला गेली. तिथे मुलांच्या डोळ्यांवर माश्या बसलेल्या, खुपऱ्यांनी पोरं आंधळी होत होती. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही बायका जमल्या आणि हदासा ही संघटना सुरू झाली. पुढच्याच वर्षी दोन नर्सेस जेरुसलेमला पोहोचल्या. दोन नर्सेस, एक लहान घर, डोळ्यांचे आजार आणि बाळंतिणी. तिथून पुढे नर्सिंगची शाळा, दवाखाने, बाळांसाठी स्वच्छ दूध आणि आयांना सल्ला देणारी केंद्रं. ही केंद्रं पुढे त्या देशातल्या मातृ-बालआरोग्य व्यवस्थेचा कणा झाली. पैसा यायचा कुठून? बहुतेक सगळा हजारो साध्या घरांतून, गृहिणींच्या लहानलहान वर्गणीतून.

पैसा वाढल्यावर पुरुष नेत्यांना तो आपल्या तिजोरीत हवा झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंची मायभूमी उभारू पाहणाऱ्या, चळवळीच्या नेतृत्वाशी हदासाचा यावरून उघड झगडा झाला. तुम्ही जमवा, खर्च आम्ही ठरवू, असा मामला. हदासाच्या बायकांनी ऐकलं नाही. आमच्या शेजारच्या आजींनी ठाण्यात जे बोलून दाखवलं, ते या बायकांनी ठराव करून, मतदान करून टिकवलं. त्या पैशावरचा हक्क सोडला असता तर दूधकेंद्रांपेक्षा महत्त्वाचं असं काहीतरी नक्कीच कुणाला सापडलं असतं.

सोल्डची आणखी एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगते. १९१६ मध्ये तिची आई गेली. ज्यू धर्मात आईवडिलांसाठी कद्दिश ही प्रार्थना मुलाने म्हणायची, अकरा महिने. एका स्नेह्याने पत्र लिहून कळवलं, तुमच्यासाठी मी म्हणतो. सोल्डने अतिशय प्रेमाने, आभार मानून नकार दिला. आई-वडिलांना मुलगा नाही याची कधी खंत वाटली नाही, मुली आहेत, त्या म्हणतील, असा तिच्या उत्तराचा आशय. आपल्याकडे वडिलांना अग्नी देण्यासाठी पुढे झालेल्या आणि भटजींपासून चुलत्यापर्यंत सगळ्यांनी अडवलेल्या मुलींनी हे पत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता जरा अवघड भाग. दानाने सुटत नाही असा एक प्रश्न ज्यू समाजात आहे, आणि दानाची खरी परीक्षा तिथे होते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटाचा लेख, त्याला 'गेट' म्हणतात, नवऱ्याने बायकोच्या हाती द्यावा लागतो. हजार वर्षांपूर्वी रब्बी गेर्शोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नियमामुळे बायकोच्या मर्जीविरुद्ध घटस्फोट देता येत नाही हे खरं. पण नवऱ्याने तो द्यायचंच नाकारलं तर बाई अडकते. तिला 'अगुना' म्हणतात. वेगळी राहते, कमावते, मुलं वाढवते, पण दुसरं लग्न करू शकत नाही. केलंच तर त्या संबंधातून झालेल्या मुलांवर धर्मशास्त्राचा असा शिक्का बसतो, की त्यांना ज्यू समाजात लग्न करणं जवळजवळ अशक्य होतं. इस्रायलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह-घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे गेले, त्यामुळे धर्म न मानणारी बाईही यातून सुटत नाही.

काही नवरे लेख देण्यासाठी पैसे मागतात. घर नावावर कर, पोटगी सोड, रोख दे. आणि मग नातेवाईक, ओळखीचे, समाजातले दानशूर पैसे गोळा करतात आणि त्याला देतात. बाई सुटते. हे दान आहे का? मला या प्रश्नाचं सोपं उत्तर देता येत नाही. माझी बहीण त्या जागी असती तर मी दागिने विकून पैसे भरले असते. पण प्रत्येक वेळी पैसे भरले गेले की पुढच्या नवऱ्याला भाव कळतो. ॲमस्टरडॅमच्या मंडळाने मुलीला लग्नात शिरायला पैसे दिले, इथे बाहेर पडायला द्यावे लागतात, आणि दोन्ही वेळा पैसा शेवटी जातो नवऱ्याकडे.

म्हणून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काही देणगीदारांनी, त्यात बायका मोठ्या संख्येने, वेगळा रस्ता धरला. पैसे नवऱ्याला न देता वकिलाला द्यायचे. इस्रायलमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बायकांना धर्मशास्त्र शिकवून रब्बींच्या न्यायालयात बाजू मांडायला तयार केलं जाऊ लागलं. जिथे न्यायाधीश, साक्षीदार, लेखनिक सगळे पुरुष, तिथे अशिलाच्या शेजारी एक बाई कायद्याचे दाखले घेऊन उभी राहू लागली. १९९५ मध्ये 'मावोई सातुम' ही अशा अडकलेल्या बायकांसाठी काम करणारी संस्था निघाली. त्याच वर्षीच्या कायद्याने न्यायालयाचा आदेश न मानणाऱ्या नवऱ्याचा वाहनपरवाना रोखण्यापासून तुरुंगापर्यंत उपाय आले. २००४ मध्ये वकील सुसान वाइस यांनी 'सेंटर फॉर विमेन्स जस्टिस' सुरू केलं. लेख अडवून धरणं ही बाईची हानी आहे, तिची भरपाई द्या, असे दावे तिथून दिवाणी कोर्टात लढले गेले. किती चलाख विचार आहे हा! जो माणूस बाईकडे पैसे मागत होता, त्यालाच कोर्टात पैसे भरायला लागायची वेळ आली. अमेरिकेत लग्नाआधीच करार करून ठेवायची पद्धत रूढ करायचे प्रयत्न झाले. असल्या कामाला देणगी मागणं सोपं नसतं. फीत कापता येत नाही, फोटो काढता येत नाही, आणि समाजातले वजनदार लोक नाराज होतात. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांनी १९९० च्या दशकात स्वतःचे वेगळे निधी उभारले, न्यूयॉर्कला, शिकागोला. हदासानेही १९९८ मध्ये यासाठी स्वतंत्र फाउंडेशन काढलं. सर्वसाधारण समाजनिधीतून अशा कामांना सहसा उरलंसुरलंच मिळतं, हे त्यांनी अनुभवलेलं होतं.

हा प्रश्न आपल्या कोकणातल्या माणसांपर्यंतही येऊन पोहोचला होता. बेने इस्रायल मंडळी मोठ्या संख्येने इस्रायलला गेली, दिमोना, लोद, अश्दोद इथे मराठी बोलणारी घरं वसली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काही रब्बींनी त्यांची इतर ज्यूंशी लग्नं लावायला खळखळ केली. शंका काय, तर कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या या लोकांच्या पणज्या-खापरपणज्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे, योग्य लेखाने झाले होते का? वंशावळी तपासायचे आदेश निघाले. मराठी बायकापुरुष जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि आदेशाची भाषा बदलावी लागली. अलिबाग-पेणच्या कुठल्या तरी बाईला कधीकाळी न मिळालेल्या एका कागदाची किंमत तिच्या पणतीकडे मागितली गेली, हे वाचून मी कितीतरी वेळ अस्वस्थ होते.

आमच्या ट्रस्टच्या अर्जात एक रकाना आहे, 'पालकांची संमती'. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीलाही तो भरावा लागतो. मागच्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या एका मुलीचा अर्ज त्या एका सहीसाठी अडला. वडील म्हणाले, स्थळ आलंय, सही करणार नाही. बैठकीत आमच्यापैकी एक-दोघांचं म्हणणं पडलं, घरच्यांच्या विरोधात जाऊन आपण कशाला मध्ये पडायचं. मी त्यांना दोतारच्या चिठ्ठ्या सांगितल्या, जेरुशा झिराडची कर्जाऊ शिष्यवृत्ती सांगितली, बराच वेळ बोलले. मुलीची फी भरली गेली. रकाना मात्र अजून तसाच आहे.

तो काढायचा ठराव मी येत्या बैठकीसाठी लिहून दिला आहे. सोबत दुसराही ठराव आहे. आमच्या मदतीने शिकून नोकरीला लागलेल्या दोन मुलींना निवड समितीवर घ्यावं, मतदानाच्या पूर्ण अधिकारासह. दोघींना विचारलं. एक पालघरला सरकारी दवाखान्यात आहे, दुसरी बँकेत. बँकेतली लगेच हो म्हणाली. दवाखान्यातलीने आधी विचारलं, "बैठक रविवारी ठेवाल ना? बाकी दिवस माझी ड्यूटी असते." बैठक रविवारी ठेवली आहे.